चाळिशीतला वैमानिक: आश्रम, ऋण आणि उशीर

भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला वयाची खालची अट आहे, वरची नाही. वय १८ पूर्ण असावे, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असावे, आधी दुसऱ्या आणि मग पहिल्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळावे. हवाई मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाचे तंत्र या विषयांचे पेपर सुटावेत, रेडिओ-टेलिफोनीचा परवाना हाती यावा आणि २०० तासांचे उड्डाण व्हावे, त्यातले १०० तास स्वतः सूत्रे सांभाळून. एवढे ज्याने पुरे केले त्याला परवाना मिळतो, मग तो विशीतला असो की पंचेचाळिशीतला. मर्यादा आहे ती दुसऱ्या टोकाला: प्रवासी विमानाच्या कॉकपिटमधून वैमानिकाला वयाच्या ६५ व्या वर्षी उतरावे लागते.

दोन टोकांमधले गणित सोपे आहे. चाळिसाव्या वर्षी सुरुवात केली तर प्रशिक्षणाची दोन-तीन वर्षे, मग एखाद्या विमानप्रकाराचे टाइप रेटिंग आणि नोकरीची वाट पाहण्यात जाणारा काळ, म्हणजे पंचेचाळिशीच्या आसपास उजवी खुर्ची, को-पायलटची. डाव्या खुर्चीसाठी वरच्या श्रेणीचा परवाना लागतो आणि त्याला १५०० तास लागतात. वर्षाला १००० तासांहून जास्त उडता येत नाही, प्रत्यक्षात त्याहून कमीच होते. सगळे सुरळीत झाले तर पन्नाशीत कॅप्टन, आणि पुढे १५ वर्षे. सगळे सुरळीत होतेच असे नाही. कंपन्यांच्या कॅडेट योजना बहुधा तिशीच्या आगेमागे दार लावून घेतात, बँक कर्जाची मुदत ठरवताना वय पाहते, आणि खर्च टाइप रेटिंगसकट अर्ध्या कोटीच्या पुढे जातो.

गणित जमते की नाही हा व्यवहाराचा प्रश्न झाला. अर्ध्या आयुष्यावर, घरदार, मुलेबाळे, एक चालता उद्योग हाताशी असताना नव्या विद्येचा विद्यार्थी होणे उचित आहे का, हा धर्माचा प्रश्न आहे. त्यावर समाजाचे उत्तर तयार असते: ज्या त्या गोष्टीला वय असते. या उत्तराला शास्त्राचा आधार आहे असे गृहीत धरले जाते. तो किती आहे, हे पाहण्यासारखे आहे.

ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास हा चार पायऱ्यांचा जिना आज शाळकरी मुलालाही पाठ असतो. पण जुन्या धर्मसूत्रांत तो जिना नव्हता. भारतरत्न महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात आश्रमांविषयीची तीन मते वेगळी काढून दाखवली आहेत. समुच्चयपक्ष म्हणतो, चारही आश्रम क्रमाने घ्यावेत. विकल्पपक्ष म्हणतो, अध्ययनानंतर ज्याला जो रुचेल तो त्याने घ्यावा. बाधपक्ष म्हणतो, खरा आश्रम एकच, गृहस्थाचा, बाकीचे गौण. मनुस्मृतीने क्रमाची बाजू घेतली आणि पुढे तीच लोकांच्या मनात रुजली. जाबालोपनिषद मात्र क्रम सांगून झाल्यावर लगेच म्हणते की वैराग्य ज्या दिवशी येईल त्याच दिवशी घर सोडावे, मधल्या पायऱ्या गाळून. म्हणजे आयुष्याचा एकच क्रम शास्त्राने ठरवून दिला, हे म्हणणे शास्त्रातच वादाचे आहे.

उपनिषदांतल्या विद्यार्थ्यांची वये पाहिली तर हा वाद आणखी सैल होतो. छांदोग्यात इंद्र आत्मविद्येसाठी प्रजापतीकडे जातो तेव्हा तो देवांचा राजा आहे, कोणी बटू नव्हे. त्याच्याबरोबर असुरांतर्फे विरोचन आलेला. दोघेही ३२ वर्षे ब्रह्मचर्याने राहतात. पहिल्या उत्तरावर विरोचन समाधानाने परततो; इंद्राला वाटेत शंका येते, तो माघारी फिरतो आणि पुन्हा ३२, पुन्हा ३२ आणि शेवटी ५ अशी एकूण १०१ वर्षे शिष्य म्हणून काढतो. त्याच उपनिषदात प्राचीनशाल औपमन्यव आणि त्याचे चार सोबती येतात. मोठ्या वाड्यांचे धनी, स्वतः विद्वान, घरी शिष्य असतील अशी माणसे. वैश्वानर आत्मा म्हणजे काय हे आपल्याला कळलेले नाही, असे त्यांच्या लक्षात येते. ते उद्दालक या ऋषीकडे जातात. उद्दालकालाही पुरते माहीत नसते, म्हणून तोही त्यांच्याबरोबर निघतो आणि सगळे मिळून अश्वपती कैकेय या क्षत्रिय राजाच्या दारात उभे राहतात. राजा आधी दक्षिणेचे बोलतो, ते नको म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी हे सगळे प्रौढ गृहस्थ हातात समिधा घेऊन, नवख्या शिष्यासारखे, राजापुढे येतात. राजा उपनयनाचा विधी न करताच त्यांना शिकवतो.

हा शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे. प्रौढ माणसाला विद्यार्थी व्हायचे असेल तर त्याला पुन्हा मूल व्हावे लागत नाही. समिधा आणाव्या लागतात, म्हणजे आपण शिकायला आलो आहोत हे उघड कबूल करावे लागते. विद्येला पात्रता लागते यावर परंपरेचा कटाक्ष आहे, आणि त्या पात्रतेच्या नावाखाली कित्येकांना जन्मावरून दाराबाहेर ठेवले गेले हा त्याच परंपरेचा दोषही आहे. पण पात्रता आणि वय या दोन गोष्टी तिने एक मानल्या नाहीत. विमान वाहतुकीचा कायदाही मानत नाही. पहिल्या वर्गाच्या तपासणीत डोळे, कान, हृदय, रक्तातली साखर पाहतात. त्यात चाळिशीचा माणूस पास होतो आणि बाविशीचा नापासही होतो.

कॉकपिटमध्ये ही कबुली रोज द्यावी लागते. विमान कंपनीत ज्येष्ठता रुजू झाल्याच्या तारखेवरून मोजतात, जन्मतारखेवरून नाही. त्यामुळे पंचेचाळिशीचा को-पायलट तिशीतल्या कॅप्टनच्या उजव्या हाताला बसतो, त्याच्या तोंडून तपासणीची यादी ऐकतो, उत्तरे देतो आणि चूक झाली तर सिम्युलेटरमध्ये त्याच्याकडूनच ऐकून घेतो. ज्या समाजात मोठ्या भावाच्या पुढ्यात बसायलाही संकोच वाटतो तिथे हे सोपे नाही. हा संकोच धोक्याचाही ठरतो. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरल्या टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे गेली. डच विमानाचा कॅप्टन कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ प्रशिक्षक होता. दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली; कॅप्टनने ठामपणे होकार दिला आणि सुटलेले विमान धावतच राहिले. त्यानंतर वैमानिकांच्या शिक्षणात धाकट्याने थोरल्याला टोकण्याचा आणि थोरल्याने ऐकण्याचा धडा वेगळा शिकवला जाऊ लागला. चाळिशीनंतर आलेला माणूस इथे दोन्ही बाजूंनी कसाला लागतो. पदाने धाकटा म्हणून त्याने गप्प बसायचे नाही, आणि वयाने मोठा म्हणून तरुण कॅप्टनला गप्पही करायचे नाही. समिधा हातात घेणे हे आजच्या काळात यापेक्षा वेगळे काय असेल?

आश्रमाच्या नावाने घेतला जाणारा आक्षेप टिकत नाही, पण स्वधर्माच्या नावाने घेतला जाणारा जास्त अवघड आहे. परधर्म सोपा वाटला तरी स्वतःचे काम सोडू नये, असे गीता सांगते, आणि ती ज्याला सांगते तो अर्जुन आयुष्याच्या मध्यावर, ऐन रणांगणावर पेशा बदलायला निघालेला आहे. धनुष्य टाकून भिक्षा मागून जगू, असे तो म्हणतो. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तिथे विनोबा स्वधर्माला आईची उपमा देतात: आई निवडून घेत नाहीत, ती जन्मासोबत मिळालेली असते. (त्याच वर्षी ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा टपालाचे विमान घेऊन कराचीहून जुहूला उतरले. पुढे जुहूच्या मुंबई फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण धुळ्याला हलले. धुळ्याच्या नावाशी स्वधर्म आणि विमानविद्या दोन्ही जोडल्या जाव्यात हा केवळ योगायोग, पण या विषयात तो टाळवत नाही.) विनोबांची उपमा शब्दशः घेतली तर मच्छीमाराच्या मुलाने होडी आणि बागायतदाराच्या मुलाने चिकूची वाडी सोडूच नये, असे होईल. लोकमान्यांनी मंडालेत लिहिलेल्या आणि १९१५ साली छापलेल्या गीतारहस्यात वेगळी वाट आहे: गीतेचा कर्मयोग चातुर्वर्ण्यावर अवलंबून नाही; समाज कोणत्याही व्यवस्थेचा असो, पत्करलेले कर्तव्य निष्काम बुद्धीने पार पाडणे हा तिचा गाभा. या वाचनात स्वधर्म पत्करताही येतो.

तरी अर्जुनाचा प्रसंग बाजूला सारता येत नाही. त्याच्या पेशा बदलण्याला कृष्णाने हरकत घेतली ती कशासाठी, हे अठराव्या अध्यायात उलगडते. मोहाने केलेला त्याग तामस, शरीराच्या कष्टांच्या भीतीने केलेला राजस. अर्जुन कशाकडे जात नव्हता, कशापासून तरी पळत होता. उशिरा वैमानिक होणाऱ्याला लावायची कसोटी हीच आहे. कचेरीचा वीट आला, वरिष्ठ नको झाला, आरशात केस पिकलेले दिसले, म्हणून जो आकाशाकडे वळतो त्याला उड्डाणाच्या तासांच्या नोंदवहीत आणि पहाटे तीनच्या ड्युटीतही तोच वीट भेटतो. विमानाचे काम बाहेरून दिसते तेवढे आकाशाचे नाही. ते बरेचसे याद्या, वजनाचे हिशेब, हवामानाचे कागद आणि हॉटेलातली अर्धवट झोप यांचे आहे. ते हवे असेल तरच पळ काढणे आणि वाट धरणे यांतला फरक पडतो.

याहून कठोर आक्षेप ययातीचा. मराठी वाचकाला तो वि. स. खांडेकरांच्या १९५९ सालच्या कादंबरीमुळे घरातल्या माणसासारखा परिचित आहे. शापाने अकाली आलेले म्हातारपण त्याला सोसवत नाही. तो मुलांकडे तारुण्य मागतो, पुरू देतो, आणि भोगून भोगूनही तृप्ती होत नाही. उतारवयातली महत्त्वाकांक्षा म्हणजे सभ्य कपड्यांतला ययाती, असे कोणी म्हटले तर हसण्यावारी नेऊ नये. इंद्र आणि ययाती दोघेही आपापल्या वयाच्या पुढे जाऊ पाहतात. इंद्राने स्वतःची १०१ वर्षे दिली, ययातीने मुलाची घेतली. चाळिशीतल्या वैमानिकाचा खर्च अर्ध्या कोटीचा आहे. हा पैसा मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेला असेल, बायकोच्या दागिन्यांचा असेल, आईबापाची जमीन गहाण टाकून आणलेला असेल, तर ययातीशी असलेले साम्य अलंकारिक राहत नाही. कोणाच्या तरी उद्याचा काळ काढून तो आपल्या आजला लावलेला असतो.

इथे धर्मशास्त्राचा ऋणांचा विचार आश्रमाच्या विचारापेक्षा उपयोगी पडतो. ऋषी, देव आणि पितर यांची तीन ऋणे फेडल्याशिवाय मोक्षाकडे मन लावू नये, असे मनू म्हणतो. मोक्षाच्या जागी परवाना ठेवला तरी तत्त्व शाबूत राहते. याज्ञवल्क्य घर सोडताना आधी मैत्रेयी आणि कात्यायनी या दोन बायकांतली वाटणी करायला बसतो, हा बृहदारण्यकातला प्रसंग त्यातल्या ब्रह्मज्ञानासाठी वाचला जातो. पण संवादाची सुरुवात घरच्या हिशेबाने होते आणि मैत्रेयी त्या हिशेबालाच प्रश्न विचारते. ज्यांच्या जिवावर हा निर्णय घ्यायचा त्यांना तो सांगायचा, त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचे, आणि त्यांनी नाही म्हटले तर ते नाही ऐकायचे. वय किती हा प्रश्न यापुढे फिका पडतो.

आतापर्यंतचा विचार ज्याला लवकर सुरुवात करता आली असती पण केली नाही, अशा माणसाचा होता. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत उशीर या गोष्टीचा अर्थ वेगळा होतो. तलासरीत लोकसंख्येचा फार मोठा भाग आदिवासी आहे, मुख्यतः वारली. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने इथल्या वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धत झुगारली. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या चार पैशांपायी नवराबायको आयुष्यभर त्याच्या वाडीवर राबत, अशी ती पद्धत. ज्या घरात आजोबा लग्नगडी होता, बाप मीठ आणि गवताच्या मजुरीवर वाढला आणि नातू बारावीला पोहोचणारा पहिलाच, त्या नातवाला वैमानिक होता येते हे तिशीत कळले तर उशीर कोणी केला?

येशूच्या द्राक्षमळ्याच्या दृष्टांतात हाच प्रश्न आहे. मालक दिवसभर पुन्हा पुन्हा नाक्यावर जातो. दिवस मावळायला तासभर उरला असतानाही काही मजूर तिथे उभेच दिसतात. रिकामे का उभे, असे विचारल्यावर ते सांगतात की आम्हाला कोणी कामावर घेतलेच नाही. मालक त्यांनाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो आणि सकाळपासून राबलेले कुरकुर करतात. उंबरगाव आणि वापीच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या टेंपोची वाट पाहणाऱ्या माणसांच्या मुलखात हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. उशिरा आलेला आळशी असतो, ही समजूत त्यात मजुराच्या एका वाक्याने मोडते.

बारावीची अट इथे बारकाईने पाहण्यासारखी आहे. खेड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखा नसते, असली तर प्रयोगशाळा नावापुरती. मुले कला शाखेला जातात, आणि सोळाव्या वर्षी नकळत घेतलेल्या त्या निर्णयाने कॉकपिटचे दार बंद होते. ते उघडायची एक सोय आहे: राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून भौतिकशास्त्र आणि गणित हे दोनच विषय नंतर कधीही देता येतात, आणि उशिरा वैमानिक झालेले कित्येक जण याच वाटेने गेलेले असतात. नोकरीवरून आल्यावर, लेकरे झोपल्यावर, स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली त्रिकोणमितीची गणिते सोडवणारा बाप हे चित्र काहींना हास्यास्पद वाटेल. डहाणू तालुक्याला तरी वाटू नये. बालविधवा अनुताई वाघ १९४५ साली ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला आल्या तेव्हा पस्तिशीच्या होत्या. पुढे कोसबादच्या टेकडीवर त्यांनी गुराखी मुलांमागे शाळाच रानात नेली, कुरणशाळा म्हणून ती ओळखली जाते; आणि हे सगळे चालू असताना पन्नाशी ओलांडल्यावर स्वतः पदवी घेतली. मुलांना वेळेवर शाळा मिळावी म्हणून झटणाऱ्या बाईंना स्वतःच्या बाबतीत वेळेचा आग्रह नव्हता.

वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचे उदाहरण अधिक धारदार आहे, कारण त्यात वयासोबत स्वधर्माचीही सीमा ओलांडली गेली. त्यांचा जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. पुढचे आयुष्य डहाणूतल्या गंजाडच्या कलंबीपाड्यावर गेले. वारली चित्र हे मुळात लग्नविधीचे अंग. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहायचा तो सवासिनींनी. पुरुषाचे ते काम नव्हे. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी वारल्यांकडून कागदावर चित्रे काढून घ्यायला आले, तेव्हा मशे चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. ते लग्नाच्या चौकापुरते थांबले नाहीत. माशांचे जाळे, मुंग्यांचे वारूळ, पेरणी, तारपा असे विषय काढत गेले. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. देवीच्या चौकाचा अधिकार सवासिनींकडेच राहिला आणि शेजारी एक नवा पेशा उभा राहिला, ज्यावर आज या दोन तालुक्यांतली अनेक घरे चालतात. परधर्म म्हणून ज्याकडे बोट दाखवता आले असते तो चाळिशीत पत्करलेला धर्म ठरला. त्यासाठी कोणाचे काही हिरावले गेले नाही, हे इथे निर्णायक आहे.

चित्रकार आणि वैमानिक यांत एक भेद उरतोच. चित्रकाराचा हात थरथरला तर चित्र बिघडते. वैमानिकाच्या मागे दीडशे-दोनशे माणसे बसलेली असतात. म्हणून पात्रतेची तपासणी त्याच्या बाबतीत दयामाया न करता व्हायला हवी, आणि ती होते. उशिरा आलेल्याने खूप सोसले, म्हणून त्याला रक्तदाबात सवलत मिळत नाही. अर्धा कोटी खर्चून, परवाना काढून, दुसऱ्याच वर्षी हृदयाच्या आलेखात दोष निघाला तर सगळे तिथेच थांबते. फळावर हक्क नाही हे गीतेचे म्हणणे इतक्या रोखठोकपणे फार थोड्या पेशांत भेटते. ज्याला ते सोसेल, आणि ज्याच्या घरच्यांना ते सोसेल, त्यानेच या वयात या वाटेला जावे.

डहाणूत आज धावपट्टी नाही. तालुक्याच्या किनाऱ्यावर, वाढवणला, होणाऱ्या मोठ्या बंदराचा पायाभरणी समारंभ मच्छीमारांचा विरोध असताना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाला आणि त्याच परिसरात मुंबईसाठी तिसरा विमानतळ करण्याचा प्रस्ताव राज्य सरकारने मांडला आहे. असे प्रकल्प उभे राहायला दहा-पंधरा वर्षे सहज लागतात. आज पंचविशी-तिशीत असलेले डहाणू-तलासरीचे तरुण तोवर चाळिशीत असतील. सामान उचलणे, पहारा, साफसफाई या कामांसाठी त्यांचे वय तेव्हा कोणी काढणार नाही. भौतिकशास्त्र आणि गणिताचे दोन पेपर देऊन पुढे जाऊ पाहणाऱ्याचे मात्र काढले जाईल.